निर्लेखनानंतरचे आयुष्य : टाकून दिलेल्या संगणकांच्या पुनरुज्जीवनाविषयी (प्रस्तावना)

सरकारी दप्तरात वस्तूच्या मृत्यूची एक ठरीव रीत आहे. जडसंग्रह नोंदवहीत जिच्या नावापुढे खरेदीची तारीख, किंमत आणि अनुक्रमांक लिहिलेला असतो, ती वस्तू एके दिवशी निरुपयोगी ठरविली जाते, तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वरिष्ठांकडे रवाना होतो, मंजुरीचा शेरा पडतो, लिलाव पुकारला जातो, आणि कालपर्यंत नगावर मोजला जाणारा जिन्नस आज किलोवर मोजला जाऊ लागतो. खुर्ची, कपाट, टेबल यांच्या बाबतीत ही रीत सहसा चुकत नाही, कारण मोडलेली खुर्ची कोणालाही मोडलेली दिसते. संगणकाच्या बाबतीत मात्र ती वारंवार चुकते. कारण संगणक बंद पडला म्हणजे त्यातले नेमके काय बंद पडले हे वरून दिसत नाही, आणि ज्याला ते दिसू शकेल असा इसम त्या सबंध कागदी प्रवासात कोणत्याही टप्प्यावर बोलाविला जात नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या न बोलाविल्या गेलेल्या माणसासाठी, आणि त्याला बोलाविण्याचा अखत्यार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यासाठी लिहिलेला आहे.

जिंतूर हे परभणी जिल्ह्याच्या उत्तर अंगाचे तालुक्याचे ठिकाण. निजामी अमलातला हा मुलूख १९४८ साली मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. पूर्णा नदीवरचे येलदरीचे धरण व तेथील वीजगृह, नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची प्राचीन मंदिरे ही या तालुक्याची ओळख. आगगाडी मात्र गावाला अद्याप शिवलेली नाही, परभणीच्या किंवा सेलूच्या स्थानकावर उतरून पुढचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. अशा ठिकाणी संगणक आला तो घराघरांतून नव्हे, तर कचेऱ्यांतून आणि शाळांतून. बँकांच्या शाखा आणि तहसील यांच्यामागोमाग, २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्या-तालुक्यांत निघाली. २००४ अखेर केंद्र सरकारने शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची योजना सुरू केली आणि माध्यमिक शाळांत संगणक-कक्ष उभे राहिले. २०११ पासून संग्राम प्रकल्पाखाली ग्रामपंचायतींच्या टेबलांवरही यंत्रे बसली. जी यंत्रे त्या पाच-दहा वर्षांत मोठ्या कौतुकाने आली, ज्यांच्या उद्घाटनाला नारळ फुटले, ती आज कोठीच्या खोलीत, फाटक्या नकाशांच्या आणि मोडक्या बाकांच्या सोबतीने, धूळ खात पडली आहेत. त्यांची वाट पुढे कोठे जाते हे भंगाराच्या व्यवहारातल्या माणसांना चांगले ठाऊक असते: लोखंडी सांगाडा जालन्याच्या पोलाद-भट्ट्यांच्या दिशेने, तांबे त्याच्या वेगळ्या गिऱ्हाइकाकडे, आणि हिरवे बोर्ड पोत्यांत भरून मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांकडे. देशभरातून गोळा होणाऱ्या अशा बोर्डांचा फार मोठा भाग दिल्लीच्या सीलमपुरात आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबादेत जाळला अथवा आम्लात बुडविला जात आला आहे, ही गोष्ट गेली वीस-पंचवीस वर्षे अनेक अभ्यासकांनी नोंदविलेली आहे.

मात्र या तालुक्याला दुरुस्तीची विद्या नवी नाही, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. जेथे विहिरीवरची मोटार कमी दाबाच्या विजेने दर हंगामात जळते तेथे मोटार-वाइंडिंगचे दुकान असतेच. जळालेली तार उपसून, वेढे मोजून, नवी तार भरून तीच मोटार पुन्हा पाण्याला लावणारा कारागीर मराठवाड्याच्या शेतीचा अबोल आधार आहे. त्याच्याच शेजारी एके काळी रेडिओ दुरुस्त होत, मग दूरदर्शन संच, मग टेप, मग भ्रमणध्वनी. या परंपरेत कोणी पदवी दिली नाही, कोणी पाठ्यपुस्तक लिहिले नाही. उस्तादाच्या हाताखाली बसून पोराने डोळ्यांनी शिकावे, हाच तिचा शिरस्ता. संगणकाचे पुनरुज्जीवन ही या वंशावळीतली अगदी अलीकडची पिढी आहे, आणि तिच्यापुढची अडचण अशी की डोळ्यांनी शिकण्याजोगे तिच्यात फार थोडे असते. वेढे मोजता येतात, विद्युत्-संदेश दिसत नाहीत. म्हणून येथे लिखित विद्येची गरज अधिक, आणि ती विद्या मराठीत जवळजवळ नाही.

या विषयाचा इतिहास पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते: भारतातील व्यापारी संगणनाचा पायाच जुन्या यंत्रांच्या पुनरुज्जीवनावर रचला गेला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले, तो स्वनिर्मितीचा मार्ग होता. पण उद्योगधंद्यांत जो संगणक शिरला तो निराळ्या दाराने. मुंबईच्या एस्सो या तेलकंपनीत १९६१ साली आय.बी.एम.चे १४०१ जातीचे यंत्र बसले, आणि त्यानंतरच्या दशकात आय.बी.एम.ने परदेशांत वापरून परत आलेली याच जातीची यंत्रे येथे आणून, उकलून, तपासून, नव्याने जुळवून भारतीय गिऱ्हाइकांना भाड्याने दिली. परदेशात मोडीत निघालेला माल भारताच्या माथी मारून त्याचे भरमसाट भाडे वसूल केले जाते, असा आक्षेप पुढे संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला. भाड्याविषयीचा आणि परावलंबनाविषयीचा तो आक्षेप रास्तच होता. तथापि त्याच यंत्रांवर भारतीय तंत्रज्ञांची एक सबंध पिढी तयार झाली, आणि तिची कसोटी लवकरच लागली. परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी न मानता आय.बी.एम.ने १९७८ साली देश सोडला, तेव्हा तिने मागे ठेवलेल्या यंत्रांचे काय होणार हा प्रश्न बँकांपुढे, रेल्वेपुढे, कारखान्यांपुढे उभा राहिला. १९७५ मध्ये सरकारने स्थापन केलेल्या कंप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, ती जबाबदारी उचलली. निर्माता निघून गेला, सुटे भाग देण्याची हमी गेली, आणि तरीही यंत्रे चालू राहिली.

मला हा प्रसंग या सबंध विषयाचा मूळ सिद्धांत वाटतो. यंत्र निर्मात्याच्या कृपेवर जगते, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की कंपनीने आधार काढून घेतल्याची बातमी आली म्हणजे आपण यंत्राचे श्राद्ध उरकतो. सीएमसीच्या अभियंत्यांनी १९७८ नंतर जे करून दाखविले ते याच्या नेमके उलट होते: आकृत्या हाती असल्या, सुटा भाग दुसऱ्या यंत्रातून काढता आला आणि हाताला शिस्त असली, की निर्माता नसतानाही यंत्राचा संसार चालतो.

पुढची पायरी १९८१ साली पडली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तो बहुतांशी बाजारातल्याच भागांचा बनविलेला, आणि त्याच्या आकृत्या छापून प्रसिद्ध केलेल्या. त्यामुळे जगभर त्याच्या प्रतिकृती निघाल्या, आणि अमुक खोबणीत अमुक पट्टी बसते, अमुक खुंटीवर अमुक दाब असतो, याचे सर्वमान्य नियम रूढ झाले. १९९५ च्या एटीएक्स या मापाने तर पेटी, बोर्ड आणि वीजपुरवठा यांचा मेळ कायमचा बसविला. भारतात १९८४ च्या नोव्हेंबरातील नव्या संगणक धोरणाने आयात-शुल्काचे दर उतरले, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याला दप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात तेथे, सुटे भाग विकत घेऊन यंत्र जुळवून देणाऱ्यांची दाटी झाली; पुण्यात तपकीर गल्लीत, दिल्लीत नेहरू प्लेसला, चेन्नईत रिची स्ट्रीटवर हाच व्यवसाय फोफावला. असेंबल केलेला संगणक हा शब्दप्रयोग आपल्या मध्यमवर्गाच्या तोंडी बसला तो याच काळात. जे जुळविता येते ते उकलता येते, आणि जे उकलता येते ते पुन्हा जुळविता येते. पुनरुज्जीवनाची सारी शक्यता या एका गोष्टीतून जन्माला आली. म्हणूनच आजच्या पातळ लॅपटॉपांत स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, बोर्डालाच डाखलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटविलेली दिसते तेव्हा या घडणीला केवळ सौंदर्याची हौस म्हणून सोडून देता येत नाही. वीस वर्षांनी जिंतुरात जो पोरगा ते यंत्र उघडील त्याच्या हातातली शक्यता ती आज काढून घेत आहे.

बाहेरच्या जगात या विषयाची चर्चा सुरू झाली ती दुरुस्तीच्या अंगाने नव्हे, विषाच्या अंगाने. घातक कचऱ्याच्या देशोदेशीच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा बासेल करार १९८९ साली झाला आणि १९९२ मध्ये अमलात आला; पण २००२ मध्ये ‘एक्सपोर्टिंग हार्म’ हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि चीनमधल्या ग्वेइयू गावी अमेरिकेतले संगणक उघड्यावर कसे जाळले जातात याची छायाचित्रे जगाने पाहिली, तेव्हा कोठे लोकांच्या मनाला धक्का बसला. घानातील आगबोगब्लोशी, कराची, आपले सीलमपूर ही नावे त्यानंतर एका माळेत गोवली गेली. जुन्या चित्रनलिकेच्या काचेत शिसे, बॅटऱ्यांत कॅडमियम, सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा, प्लॅस्टिकात ब्रोमीनयुक्त अग्निरोधक द्रव्ये; आणि हे सारे हाताळणारी माणसे हातमोजे न घालता, कित्येकदा घरातली बायकामुले सोबत घेऊन, सोन्याच्या कणांसाठी आम्लराजाच्या वाफा छातीत भरीत बसलेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००५ च्या पाहणीत अशा कचऱ्याच्या निर्मितीत महाराष्ट्राचा क्रमांक देशात पहिला निघाला होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी २०२४ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला, आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे.

या चर्चेतून जे विचारपंथ निघाले त्यांची ओळख नवख्या वाचकाला हवी. सर्वांत बलवान पंथ धातूंचा. त्याच्या दृष्टीने संगणक ही शहरात सापडलेली खाण होय; एक टन बोर्डांत जेवढे सोने निघते तेवढे एक टन खनिजात सहसा निघत नाही, हे खरेच आहे, आणि बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या ठिकाणी प्रचंड भट्ट्यांतून सोने, चांदी, पॅलेडियम, तांबे नियंत्रितपणे वेगळे काढण्याचे शास्त्र पूर्णत्वाला गेले आहे. परंतु या पंथाचा एक दोष मूलगामी आहे: त्याला चालू यंत्र आणि बंद यंत्र सारखेच दिसते, कारण भट्टीत दोघांचे वजन सारखे भरते. दुसरा पंथ सुट्या भागांचा. मुंबईच्या कुर्ल्यात, साकीनाक्यावर, दिल्लीच्या बाजारांत तो अनेक वर्षे नांदतो आहे. सबंध यंत्र वाचत नसेल तर त्यातला प्रोसेसर, स्मृतिपट्टी, पंखा, जोडण्या, एकेक चिपसुद्धा डिसोल्डर करून दुसऱ्या यंत्राच्या उपयोगी आणावी, हा त्याचा आचार. तिसरा पंथ सबंध यंत्राच्या पुनर्वापराचा. ब्रिटनमध्ये कंप्युटर एड आणि अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २००० पासून फ्री गीक या संस्थांनी देणगीत आलेली यंत्रे दुरुस्त करून शाळांना व गरजूंना देण्याचे काम केले. आपल्याकडेही मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून बदललेले लॅपटॉप घाऊक लिलावाने बाजारात येतात, आणि डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी एलिटबुक ही नावे परभणीच्या विद्यार्थ्यालाही तोंडपाठ असतात. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर भरू लागले तेव्हा या जुन्या यंत्रांना अचानक जी मागणी आली तिने या पंथाची सामाजिक उपयुक्तता कोणत्याही निबंधापेक्षा अधिक ठसठशीतपणे सिद्ध केली.

चौथा पंथ स्मृतिजतनाचा. अमेरिकेत माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयात निवृत्त अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून १४०१ जातीची यंत्रे, तीच जात जी मुंबईत आली होती, पुन्हा चालती केली. इंग्लंडात ब्लेचली पार्क येथे १९५१ चा हार्वेल डेकाट्रॉन हा संगणक २०१२ साली पुन्हा गणित करू लागला. हा श्रीमंत देशांचा छंद वाटेल, पण मराठीच्या बाबतीत तो तसा नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी सुमारे दोन दशके मराठी मजकूर संगणकावर जुळला तो श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम अशा परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींत. तालुक्याच्या छापखान्यांत, जिल्हा वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत आणि स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांपासून सहकारी संस्थांच्या अहवालांपर्यंत अगणित मजकूर पेजमेकर या पानजुळणी-प्रणालीच्या फायलींत पडून आहे. त्या फायली उघडायला जुनी विंडोज प्रणाली लागते, आणि कित्येक ठिकाणी तो फाँट चालू होण्यासाठी संगणकाच्या मागच्या समांतर जोडणीत एक कुलूप-खुंटी बसवावी लागते, जी जोडणी आजच्या यंत्रांवर नसतेच. डीटीपीच्या दुकानात कोपऱ्यात झाकून ठेवलेला विंडोज ९८ चा पेंटियम मालक विकत नाही याचे कारण हे. तो बंद पडला आणि भंगारात गेला तर त्याच्याबरोबर गावाच्या वीस वर्षांच्या छापील आयुष्याची मूळ प्रत जाईल. मोडी कागदपत्रांच्या बाबतीत जी हानी आपण सोसली तिच्या जातीची हानी येथे, आपल्या डोळ्यांदेखत, होऊ घातली आहे. आणि ती टाळण्यासाठी शंभर रुपयांचा एक कॅपॅसिटरही लागत नाही, हे मला फार जिव्हारी लागते.

पाचवा पंथ प्रणालींचा, आणि तो इतर सर्वांना आधार देतो. १९८३ मध्ये सुरू झालेला ग्नू प्रकल्प, १९९१ चे लिनक्स, १९९३ चे डेबियन यांच्यामुळे ज्या यंत्राला त्याच्या मूळ प्रणालीने टाकून दिले त्याला दुसरी हलकी प्रणाली देता येते. सी-डॅकने बॉस या नावाने तिचे भारतीय रूप केले, आणि तिच्या पडद्यावरील आज्ञांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी पदरमोड करून केले. हे कष्ट फारसे कोणी जाणत नाही.

आता प्रत्यक्ष कसबाविषयी दोन शब्द, कारण पुनरुज्जीवन म्हणजे काय हे त्याशिवाय कळणार नाही. मृत म्हणून आणलेल्या यंत्राची व्याधी पुष्कळदा क्षुल्लक असते. वीजपुरवठ्याच्या पेटीची, म्हणजे एसएमपीएसची, हिरवी तार काळीला जोडून पाहावी. पंखा फिरला तर निदान ती उठते आहे असे समजावे, मग मल्टिमीटरने ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे दाब ताडून घ्यावे. तारीख वारंवार हरवत असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, अशी तक्रार असेल तर स्मृतिपट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच घासावी. आपल्या दुकानांतला हा उपाय हसण्यावारी नेऊ नये, कारण त्या टोकांवर बसलेले मालिन्य हेच पुष्कळ तक्रारींचे मूळ असते. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर सदोष द्रव भरलेले कॅपॅसिटर वापरले गेले, त्यांची डोकी फुगलेली डोळ्यांना दिसतात. ते उतरवून तेवढ्याच क्षमतेचे नवे बसविले की बोर्ड बहुधा उठून बसतो. येथे एक तपशील ध्यानात असू द्यावा: जुना शिसेयुक्त डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, तर युरोपीय निर्बंधांनंतर, म्हणजे २००६ पासून, रूढ झालेला शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या आसपास; जुन्या सवयीच्या हाताने नव्या बोर्डावर काम केल्यास तांब्याची पट्टी उखडते. मराठवाड्याचा उन्हाळा, बारीक काळी धूळ आणि एसएमपीएसच्या उबेला येऊन बसणाऱ्या पाली-मुंग्या यांनी जितकी यंत्रे बंद पाडली असतील तितकी कोणत्याही विषाणूने पाडली नसतील. प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवी थर्मल पेस्ट लावणे आणि जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसविणे, एवढ्या दोन उपायांनी दहा-बारा वर्षांचे यंत्र लिहिण्यावाचण्याच्या, हिशेबाच्या आणि पडद्यावर धडा पाहण्याच्या कामाला पुरेसे चपळ होते.

हे सारे आजच का निकडीचे झाले, ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि तिच्या जागी आलेल्या प्रणालीने टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची व ठरावीक पिढीनंतरच्या प्रोसेसरची अट घातली. या अटीपायी जगातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाण्याची भीती कॅनलिस या बाजार-अभ्यासक संस्थेने २०२३ मध्येच व्यक्त केली होती. त्यांतली बहुसंख्य यंत्रे ठणठणीत आहेत. एक साधा मेजावरचा संगणक व त्याचा पडदा घडविण्यास किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी खर्ची पडते, असा हिशेब संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये मांडला. १,५०० किलो म्हणजे दीड हजार लिटर. ज्या मराठवाड्यात एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले, तेथील माणसाला या आकड्याचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागू नये. यंत्र बनते तेव्हाच त्याचा बहुतेक खर्च होऊन जातो. ते पाच वर्षे चालले की पंधरा, यावर तो खर्च सार्थकी लागला की वाया गेला हे ठरते.

कायद्याची हकीकत थोडक्यात अशी. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले व मे २०१२ पासून अमलात आले. त्यांची जागा २०१६ च्या आणि नंतर २०२२ च्या नियमांनी घेतली, जे एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नव्या नियमांत उत्पादकावर पुनर्चक्रणाची वाढती उद्दिष्टे आहेत, नूतनीकरण करणाऱ्याला नोंदणीचे स्थान आहे, आणि त्याने वाचविलेल्या यंत्राबद्दल उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, ही स्वागतार्ह बाब. परंतु प्रमाणपत्रांचा मुख्य हिशेब सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवरच बेतलेला आहे. मोठा ग्राहक म्हणून ज्यांना विशेष बंधने घातली त्यांची व्याख्याही वर्षात किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था अशी असल्याने तालुक्याची एखादी शाळा किंवा ग्रामपंचायत त्या जाळ्यात येतच नाही. दुरुस्तीच्या हक्काविषयी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टलही उघडले. त्याला अद्याप कायद्याचे बळ यावयाचे आहे. तोवर निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करणारा मुख्याध्यापक, ग्रामसेवक अथवा अव्वल कारकून हाच या विषयातला खरा निर्णायक आहे, असे माझे मत आहे.

त्याच्या शिरावर आणखी एक जबाबदारी आहे आणि ती बहुधा त्याच्या ध्यानी नसते. फाइल पुसली म्हणजे मजकूर जात नाही, त्याची केवळ अनुक्रमणिका जाते. लिलावात गेलेल्या डिस्कवर विद्यार्थ्यांचे दाखले, लाभार्थ्यांच्या याद्या, बँकखात्यांचे क्रमांक तसेच्या तसे असतात आणि कोणीही ते परत काढू शकतो. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती कोरी करावी, किंवा ती बाहेर काढून भोके पाडून नष्ट करावी; यावाचून यंत्र दाराबाहेर जाऊ देणे हा रयतेच्या विश्वासाचा भंग होय.

तरीही प्रत्येक यंत्र वाचवावे असा हट्ट या ग्रंथाचा नाही. पेंटियम ४ च्या काळातली यंत्रे वीज फार खातात व उष्णता फार टाकतात. जुन्या फाँटांसाठी किंवा जुन्या फायलींसाठी एखादे राखावे, रोजच्या कामासाठी त्यांच्या वाटेस जाऊ नये. ३२-बिटी यंत्रांना तर ऑगस्ट २०२५ च्या डेबियननेही दार बंद केले. चित्रनलिकेचा पडदा घरी उघडू नये, फोडू तर मुळीच नये. तो अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेला पाहिजे. एसएमपीएसच्या पोटातल्या कॅपॅसिटरांवर तीनशे व्होल्टांहून अधिक दाब वीज काढल्यावरही काही काळ राहतो, फुगलेली लिथियम बॅटरी टोचल्यास पेट घेते, आणि आम्लाने सोने काढण्याचा उद्योग या पुस्तकात कोणी शोधू नये. तो येथे जाणूनबुजून दिलेला नाही. माझ्या मते सर्वांत हिशेबी मर्यादा २००६ नंतरच्या, ६४-बिटी, चार गिगाबाइट स्मृती घेऊ शकणाऱ्या यंत्रापासून सुरू होते, आणि शाळांच्या कोठीत पडलेली पुष्कळशी यंत्रे या रेषेच्या अलीकडे, म्हणजे वाचण्याजोगी, आहेत.

या ग्रंथाने जे योजिले आहे ते एवढेच की, हाती एक स्क्रू-ड्रायव्हर, एक मल्टिमीटर, एक साधी सोल्डरिंग गन आणि थोडा धीर असलेल्या तालुक्याच्या वाचकाला बंद यंत्रापुढे बसविल्यावर कोणत्या क्रमाने विचार करावा हे कळावे: आधी सबंध यंत्र वाचते का, ते न वाचल्यास त्यातले कोणते भाग दुसऱ्याला जीवदान देतील, आणि अगदी शेवटी उरलेला अवशेष कोणाच्या स्वाधीन करावा. काट्यावर चढण्यापूर्वी यंत्राची परीक्षा झाली पाहिजे, हे त्याचे मुख्य म्हणणे. बाकीचा सारा तपशील त्या परीक्षेचा आहे. परिभाषेच्या बाबतीत लेखनाचे धोरण असे ठेवले आहे की दुकानात जो शब्द रूढ आहे तोच येथे वापरावा, त्याला संस्कृत पोशाख चढवू नये. बोर्डाला बोर्ड आणि रॅमला रॅमच म्हटले आहे, मग माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या प्रस्तावनाकाराने स्मृतिपट्टी म्हणो. आयटीआयचे विद्यार्थी, एमएस-सीआयटी केंद्रांचे चालक, डीटीपीची दुकाने, आणि शाळांतले ते शिक्षक ज्यांच्याकडे संगणक-कक्षाची किल्ली असते, हे या ग्रंथाचे अपेक्षित वाचक.

त्या किल्ली बाळगणाऱ्यांस माझी विनंती आहे. पुढच्या निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी गावातल्या जाणत्या दुरुस्ती-कारागिराला एक दिवस बोलवा, त्याच्या श्रमाचा रास्त मोबदला आकस्मिक खर्चातून द्या, प्रत्येक नगापुढे ‘चालू’, ‘दुरुस्तीयोग्य’, ‘भागांसाठी’ किंवा ‘पुनर्चक्रणास’ असा शेरा त्याच्याकडून लिहून घ्या, डिस्का आपल्या समक्ष कोऱ्या करून घ्या, आणि मगच यादी वर पाठवा. आणि ज्या वाचकांनी आपापल्या तालुक्यात अशी यंत्रे उठविली असतील त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेल्या प्रयत्नांचे, प्रकाशकांकडे लिहून पाठवावेत. दुसऱ्या आवृत्तीत त्यांची भर घालावयाची आहे.

जिंतूर